पालथी घातलेली शेंग

थांबा, थांबा — बैल मंग जुपा. बसा पह्यले. काय म्हनले तुमी आता, जाता जाता? नाही नाही, ते नाही — लगन धनजले, येत्या बुधवारी, वरात मारोतीच्या पारापासून, सात बाजेवाले पायजेत — ते सगळं आयकलं म्या, ध्यानात हाय. त्याच्यामांगून काय बोलले? पायरी उतरताना, हसत? "मास्तर, कोंबडा डाललेला नका आनू बरं." असंच ना? हेच शब्द? हं. मले वाटलं माहे कानच वाजले. बसा पुंजाजीभाऊ, त्या पेटीवर बसा, फुटत नाही ते. कोनी सांगतलं तुमाले हे? — कोनी नाही कसं? आभाळातून पडलं का? माह्या बायकोले, कमरुन्निसाले, माईत नाहीत आमचे हे शब्द. बावीस वर्सं झाले निकाह होऊन, चार डाव इचारले तिनं, म्या नाही सांगतले. आन तुमी धनजचे, कारंजात कापूस घेऊन आलेले, माह्या दारात उभे राहून सहज बोलून जाता — मंग मी तुमाले असंच जाऊ देईन का? तुमीच सांगा.

कुठं आयकलं? शेलूच्या बाजारात? चहाच्या हाटेलात — बरं — आन सांगनारा कोन? बाजेवालाच होता कोनी? बस. पुढं सांगूच नका. नाव घ्याची गरजच नाही, मले माईत हाय तो कोन ते. लखीराम! दुसरा कोन असनार? — मान कायले हालवता? तुमच्याच गावचा हाय, तुमी त्याची बाजू घेसानच. नाही, आता तुमी बोलू नका. मले बोलू द्या. वर्स झालं, ह्या गोष्टीवर कोनाजवळ तोंड उघडलं नाही म्या. आतल्या आत जळून राह्यलो. सैफुद्दीन मास्तरचा बँड म्हनून बाहेर पाटी हाय ना, ते पाटी पुसत बसतो रोज सकाळी, आन डोक्यात एकच — काहून केलं असंन लखीरामनं? काय कमी केलं होतं म्या त्याले?

तुमी म्हनसान, कोंबड्याची गोष्ट, त्याच्यात काय एवढं. आयका मंग. बाजेवाल्याची अडचन तुमाले माईत नाही. वरात चालू हाय, मांगं नवरदेव घोड्यावर, बाजूनं सोयरे, सगळ्यायचे डोये आमच्यावर — आन मधीच क्लारनेटची पत्ती तडकली. वेताची पत्ती असते भाऊ, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, पन त्या बाज्याचा सारा जीव तिच्यात. आता वरडून सांगता येते का, का पत्ती गेली म्हनून? वरातीत एक तरी टवाळ असतेच, तो लगेच म्हनन, अरे फाटका बँड आनला रे आनला! म्हनून म्या आन लखीरामनं नावं ठेवली बाज्यायले. क्लारनेट काळी, लांब, बहाव्याच्या शेंगेवानी — तिचं नाव शेंग. ते लखीरामची. ट्रंबोनची नळी आत जाते बाहेर येते, आत जाते बाहेर येते, कोष्ट्याच्या मागावर धोटा पळते ना, तसं — म्हनून तो धोटा. पोटाशी धरून वाजवायचा तो मोठा घोगऱ्या आवाजाचा, ते म्हैस. आन कारनेट — सगळ्यायच्या वर आवाज, गावाच्या शिवंवरून लोकायले समजे का बँड आला — तो कोंबडा. तो माहा. मंग कोनी हळूच म्हने, शेंग तडकली, का बाकीचे समजून जात — गत आपल्यावर घ्या, त्याले पत्ती बदलू द्या. म्हैस पान्यात बसली म्हनलं का समजा तिच्या नळीत थुंक साचली. सोयऱ्यायले वाटे, हे लोक वरातीतही ढोरायचंच बोलून राह्यले. हसत ते. हसू द्या, आमचं काय गेलं! एकोनीस वर्सात एक वरात तुटली नाही आमची.

आन हे नावं असे कोनाले सांगत नसत बरं. नवा मानूस आला का वर्सभर नुसता वाजवे, त्याले काही माईत नसे. वर्स झालं का ह्याच खोलीत बसायचं सगळ्यायनं, ज्याचं त्याचं शिजवलेलं, पन ओळ एक — हिंदू असो का मुसलमान — जेवन झालं का एकेका बाज्यावर त्याचा हात ठेवायचा आन कानात नाव सांगायचं. बस, तवापासून तो घरचा. आन ज्यानं बाहेर सांगतलं, त्याचा बाजा सगळ्यायसमोर जमिनीवर पालथा घालायचा. भोंगा मातीत. त्यानं तो आपल्या हातानं उचलायचा आन निघून जायचं, मांगं नाही पाहायचं. हा कायदा माहा आन लखीरामचा. कामठीच्या पलटनीत बाजा शिकलो मी आन लखीराम, अठरा-अठरा वर्साचे होतो, तिथला गोवेकर मास्तर असा कडक होता का बाजा जमिनीले टेकला तरी पाठीवर छडी बसे. तवापासून डोक्यात बसलं — बाजा मातीत म्हनजे मानूस मातीत.

फय्याज — फय्याज माहा भाचा, वळखता का? नाही? मोठा मानूस झाला आता तो. माही बहीन लतीफा मेली तवा सहा वर्साचा होता. म्या वाढवला. कमरुन्निसानं आपल्या ताटातलं घातलं त्याले. पोट्ट्याची बोटं अशी चालत का पाहतच राहावं! मुंबईले धाडला त्याले. तीन वर्सं एका मोठ्या हाटेलात गोऱ्या लोकायच्या नाचासाठी वाजवे, आन येताना तो बाजा घेऊन आला — सासफोन. पिवळा, वाकडा, चिलमीसारखा. नाव ठेवायले दोन मिनिटंही लागले नाहीत आमाले — चिलम. तर तो सांगे, मामू, तिथं अमेरिकेतले काळे वाजवनारे येतात, काय वाजवतात म्हनून सांगू, मान हलल्याबिगर राहात नाही. आन त्यायचीही नावं हायेत बाज्यायले! क्लारनेटले ते म्हनतात जेष्ठमधाची काडी. ट्रंबोनले म्हनतात गाळ उपसायचा पंप. कधी नुसतं हाड म्हनतात. लखीराम इतका हसला, डोयातून पानी आलं त्याच्या. म्हने, सैफू, पाहाय, सात समुद्रापल्याड बसून आपल्यासारखंच करून राह्यले लेकाचे! आमाले वाटलं, आमचे कोनी सोयरेच भेटले. म्या इचारलं फय्याजले, त्यायच्यात नावं बाहेर सांगतलं तर काय करतात? तर फय्याज म्हने, काहीच करत नाहीत मामू, सगळ्यायले माईत हायेत त्यायची नावं, हाटेलातल्या वेटरालेही. तवा मले ते काही पटलं नाही. मंग नावाचा उपयोग काय, म्हनलं.

काय म्हनता? डाललेला म्हनजे काय? — आता तुमाले ते आनखी सांगायले पायजे का? आयकून आले ना सगळं? डालीखाली झाकलेला कोंबडा आरवते का? दात गेले माहे, मंग डाललेलाच म्हननार ना! समोरचे दोन, हे पाहा, वरचे. मंगरूळच्या वरातीत — येत्या अखाजीले दोन वर्सं होतीन — मी वळून घोड्याकडं तोंड करून वाजवत होतो, त्यानं मान अशी झटकली का सरळ माह्या कारनेटच्या भोंग्यावर बसली. दोन्ही हातानं धरलेला, ओठाशी दाबलेला — पितळ ते, दात काय टिकतात! कडकन आवाज झाला, तोंडात गरम गरम रगत. वरात थांबते का? लखीराम माह्या उजव्या अंगाले होता. त्यानं एका नजरेत पाह्यलं आन वरडला — कोंबडा डालला! हा शब्द आमच्यात नव्हताच. त्यानं तिथल्या तिथी काढला. पन सगळे समजले. रूपला, आमचा दुसरा कारनेटवाला, माह्यामांगं होता, त्यानं गत उचलली. लखीरामनं एका हातानं शेंग वाजवत ठेवली — खालच्या हाताची बोटं सोडून, वरच्या हातानं जमन तेवढं — आन दुसऱ्या हातानं आपला दुपट्टा माह्या तोंडावर दाबला. म्या कारनेट खाली नाही केला. गाल फुगवले, बाज्याच्या कळा दाबत राह्यलो. कोनाले काही समजलं नाही. लगन लागल्यावर नवरीचा बाप येऊन म्हनतो, वा मास्तर, ह्या वयात काय दम हाय! आन म्या सलाम केला त्याले, दुपट्ट्याआडून.

तवापासून हे असं हाय. पुढं मी उभा राहतो, कारनेट तोंडाले, कळा चालू, गाल फुगलेले. आवाज रूपलाचा. दात नसले का ओठाले आधार नाही भाऊ, फुंकर सटकते, नुसती हवा निंगते — फुस्स. बसवून पाह्यले नाहीत का? अमरावतीले जाऊन बसवले, पह्यल्याच फुंकीत हातात आले. मंग काय करू? बँड माह्या नावावर चालते. लोक येतात ते म्हनतात, मास्तर स्वतः येनार ना? कारनेट मास्तरच वाजवनार ना? आता तुमीही तेच इचारलं ना मघाशी, पाटीकडं बोट करून? — आन — थांबा. थांबा. तुमी असे काय पाहून राह्यले? तुमाले — तुमाले माईत होतं ना हे? शेलूले आयकलं ना? — नाही? नुसतं आयकलं का "कारंजाच्या म्हाताऱ्याचा कोंबडा डाललेला हाय", आन सगळे हसले, तुमीही हसले? तुमाले वाटलं एखाद्या गाण्याचं नाव असंन? या अल्ला! म्हनजे म्याच सांगतलं तुमाले. दातासकट सांगतलं. अहो पुंजाजी, काय मानूस हाये तुमी, मधीच थांबवायचं नाही का मले! — म्या बोलूच नाही दिलं? हाव, तेही खरं हाय. बरं, आता आयकलं ते आयकलं. तुमच्या पोराबाळायची आन हाय तुमाले, ह्या खोलीबाहेर हे गेलं नाही पायजे. गेलं तर माही खैर नाही. लोक बोलावतीन, पाहा — तमाशा पाहाले बोलावतीन, वाजवाले नाही.

तर आता समजलं ना, लखीरामवर काहून जळतो ते? शब्द त्याचाच. त्यानंच काढला, त्यानंच इकला. तसा तो आधीपासूनच मांगं लागला होता माह्या. सैफू, लोकायले सांगून टाक. सैफू, दात पडले, त्यात चोरी काय केली तू? हाती काठी घे, गत शिकव, रूपलाले पुढं उभा कर, कोनी हसनार नाही. म्या म्हनलं, तुले काय जाते बोलायले, तुही शेंग वाजते अजून. तो शेंग पुसत बसला. पन मनात राह्यलं असंन, असं मले वाटलं. आन मंग गेल्या साली, ह्याच दिवसात, मानोऱ्याकडं एका गावात वरात चालू हाय, मी पुढं, कारनेट वर, आन गर्दीतून एक पोट्टा कोंबड्यासारखा आरवला. आन दोन-चार जन हसले. म्या कळा आनखी जोरानं दाबल्या. गत संपता संपता फय्याज जवळ आला, कानात म्हने, मामू, कोनी तरी बोललं वाटते. म्या म्हनलं, कोन? तो म्हने, मी कोनाचं नाव घेत नाही, पन लखीरामचाचा काल पारावर बसून लय वेळ गप्पा हानत होते ह्यायच्यासंग.

बस. एवढंच. तेवढ्यावर — म्या इचारलंही नाही भाऊ. तिथंच, मांडवाच्या तोंडाशी, पाच गावचे सोयरे उभे हायेत, म्या लखीरामच्या हातातून शेंग घेतली आन भोंगा खाली करून मातीत उभी केली. पालथी. त्याच्या तोंडून एकच निंगालं — सैफू, अरे? — दुसरं काही नाही. शपथ नाही, भांडन नाही. वाकला, शेंग उचलली, धोतराच्या सोग्यानं माती पुसली, आन गेला. मांगं नाही पाह्यलं. कायदा त्यालेही माईत होता ना, माह्यासंगच केला होता त्यानं. तीस वर्सायची दोस्ती. आन म्या त्या दिवशी मान ताठ करून वाजवला — म्हनजे वाजवल्यासारखा केला. बरंच वाटलं मले. खोटं कायले बोलू, बरं वाटलं. चोर सापडला, काढून टाकला, असं वाटलं.

आता बोला, काय बोलायचं ते. मघापासून तोंड उघडून बंद करून राह्यले. — लखीराम नव्हता? कसा नव्हता? तुमी वळखता त्याले, बरं, मंग कोन होता? तरना होता? तरना म्हनजे? — बाजा मांडीवर घेऊन बसलता? कोनता बाजा? — पिवळा. वाकडा. मोठ्या चिलमीसारखा.

नाही. नाही नाही. दुसऱ्या कोनाचा असंन. अकोल्याकडचे बँडवाले येतात शेलूच्या बाजाराले. — केस कुरळे? डाव्या कानाजवळ डाग? भाजल्याचा? तो डाग चुलीचा हाय, तीन वर्साचा असताना पडलता, लतीफा भाकरी थापत होती. — पन तो तर मूर्तिजापूरले गेला. परवा माह्यासमोर गाडीत बसला. म्हने, मामू, लढाईपायी विलायती पत्त्या येनं बंद झालं, मूर्तिजापूरले एकाजवळ हायेत म्हनतात, पाहून येतो. कमरुन्निसानं भाकरी बांधून देल्ली त्याले, लाल तिखट घालून, त्याले आवडते तसं. — आन संग कोन होतं त्याच्या? रूपला? रूपलाही होता? रूपलाही हसला? आन काय म्हनत होते? पूर्न सांगा. माह्या कायजाचं पाहू नका, सांगा तुमी.

"आमचा बँड नवा हाय, बोलवायचा तर आमाले बोलवा, म्हाताऱ्याचा कोंबडा दोन वर्सापासून डाललेला हाय." असं. हसत हसत. चहा पीत.

म्हनजे तवाही त्यानंच सांगतलं असंन. त्या पोट्ट्याले आरवायले. आन मंग माह्या कानात येऊन — कोनाचं नाव घेत नाही मामू — अरे लबाडा! एका दगडात — एकीकडं मले पाडलं, एकीकडं लखीरामले काढून टाकलं. लखीराम असता तर बँड मोडू देल्ला नसता ना त्यानं! हे मले आता समजून राह्यलं, तुमच्यासमोर, आता. वर्सभर हाच जेवला माह्यासंग. माहा कारनेट पुसून ठेवे रोज. मले म्हने, मामू, तुमी फिकीर करू नका, मी हाओ ना. एकदा म्हनला होता, मामू, लोकायले आता नवं पायजे, बोलपटातली गानी पायजेत, सासफोन पुढं घेऊ, कारनेट मांगं ठेवू. म्या म्हनलं, माह्या मरनानंतर घे पुढं. तो हसला. मले वाटलं, हसन्यावारी नेलं त्यानं. भाऊ, दुश्मनानं केलं असतं तर म्या त्याच्या दारात जाऊन शिव्या देल्ल्या असत्या. ह्याच्या दारात कसा जाऊ? त्याचं दार हेच हाय. त्याची वळकटी पाहा ना, त्या कोपऱ्यात पडली हाय अजून. — सासफोनची पेटी? नाही, पेटी नाही दिसत. दोन पत्त्या आनायले कोनी बाजा संग नेते का? हे तवा डोक्यातच नाही आलं माह्या.

कमरुन्निसाले काय सांगू मी? ते तर म्हनन, तुमीच काही बोलले असान पोराले.

बरं. राहू द्या. पानी घ्याचं का? नाही? मी घेतो. — झालं ते झालं. तुमचं काम पाहू आता, तुमाले उशीर होते. कोनाच्या घरी हाय लगन? म्या इचारलंच नाही तवापासून. पोरगी कोनाची? — कोनाची? — रुख्मिणी? लखीरामची रुख्मिणी? ते एवढीशी होती हो, ह्या पेटीवर बसून पाय हालवे. हेच सांगून राह्यले होते का तुमी मघापासून? आन मी तुमचं तोंड दाबून त्याच्याच नावानं — तौबा, तौबा. पन तो मले कायले बोलावन? लाज काढायले का? त्याचाही हक्क हाय, काढू दे म्हना. — तसं नाही? मंग कसं? काय म्हनला तो? जसंच्या तसं सांगा, आपल्या मनाचं मिसळू नका.

"बँड सैफूचाच पायजे. सैफूसारखा कारनेट फुंकनारा सगळ्या वऱ्हाडात दुसरा नाही."

असं म्हनला? कोनासमोर? सगळ्या सोयऱ्यायसमोर? व्याह्यासमोरही? आन कोनी इचारलं नाही त्याले, मंग तुले काहून काढलं त्यानं म्हनून? — इचारलं? मंग? — "माहीच चूक झाली होती." असं म्हनला. लखीराम. अहो त्याले माईत हाय ना सगळं! त्याच्या दुपट्ट्यावर माहं रगत पडलं, त्याले माईत नाही तर कोनाले! म्या त्याची शेंग मातीत घातली, एक वर्स त्याच्या घराकडं पाह्यलं नाही, त्याची माय गेली तवाही गेलो नाही मी — आन तो तिकडं बसून अजून मलेच झाकून राह्यला. कोनी सांगतलं होतं त्याले झाकायले? कायद्यानं तर तो मोकळा होता. गावभर सांगत फिरला असता तरी कोनी काही म्हनू शकलं नसतं.

येऊ का नाही म्हनता? तुमाले साधं वाटते ते. फय्याज गेला, रूपला गेला. माह्यामांगं वाजवनारा राह्यला कोन? आलो तर मारोतीच्या पारापाशी उभा राहून नुसती हवा फुंकीन मी, आन सगळे सोयरे पाहतीन. माहं जाऊ द्या. लखीराम खोटा पडन, आपल्याच पोरीच्या लगनात, व्याह्याच्या डोयादेखत. आन नाही आलो, तर तो म्हनन, सैफूनं अजून राग सोडला नाही. — तुमी असं करा, सांगा त्याले, सैफू तापानं पडला. नको, ते नको, तो पाहाले येईन, येनारच तो. मंग सांगा का बँड मोडला. हाव. ते खोटं नाही. बँड मोडला म्हना, मास्तरनं दुसरा पाहाले सांगतला म्हना. पन फय्याजचा नको. त्याचा आनला तर — जाऊ द्या, मी कोन सांगनारा. आनखी काही इचारलं त्यानं, तर म्हना, मास्तर — मास्तर म्हनत होता का —

काही नाही. काहीच म्हनत नव्हता. उठा आता, बैल उन्हात हायेत तुमचे. उठा. अहो माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यले? जा म्हनलं ना!